ढोलकीचा हुंकार

ढोल वाजू लागला की माणसाने गप्प व्हावे, ही आपल्या शहरातली रीत आहे. गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून पाहावे. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नू. म. वि. अशा शाळांच्या नावांनी ओळखली जाणारी पथके येतात. प्रारंभी कोणी एक खड्या आवाजाचा मुलगा शिवछत्रपतींची गारद म्हणतो, जयघोष होतो आणि टोल पडतो. त्यानंतर शब्दाला शिरकाव नाही. शेजारी उभ्या असलेल्या पत्नीला 'चल, घरी जाऊ' एवढेसुद्धा खुणेने सांगावे लागते. संसारात अशी शांतता फार क्वचित लाभते, म्हणून काही गृहस्थ मिरवणुकीला आवर्जून जातात, असे माझे एक सहकारी म्हणतात. ते अविवाहित आहेत, हे सांगायला हवेच.

ढोल आणि शब्द एके ठिकाणी नांदत नाहीत, असे आपण धरूनच चाललो आहोत. महाराष्ट्राच्या पार पूर्वेकडे, भंडारा जिल्ह्यात, मात्र या दोघांचा संसार शेकडो रात्री सुखाने चाललेला दिसतो. तिथे ढोलकी वाजते ती माणसाने बोलावे म्हणून, आणि माणूस बोलतो तो ढोलकीच्या भरवशावर. दिवाळीनंतरच्या मंडईत हा प्रकार मी पाहिला, ऐकला, आणि तेव्हापासून तो कानांतून जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा एक जुना विद्यार्थी साकोलीजवळच्या एका खेड्यातला. पुण्यास एम. ए. करून तो परत गेला आणि तिकडेच शिक्षक झाला. दर दिवाळीला त्याचा फोन येई, "सर, यंदा तरी मंडईला या." गेल्या वर्षी भाऊबीज आटोपून निघालो. सौभाग्यवतींनी चकल्यांचा आणि चिवड्याचा एवढा डबा बरोबर दिला की भंडाऱ्यात दुष्काळ पडला आहे, असा त्यांचा समज असावा असे वाटले.

कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून गोंदियाला जाते, म्हणजे राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने जाणाऱ्याला आपले राज्य केवढे मोठे आहे ते नकाशाशिवाय कळते. नगरकडचे माळ, खानदेशातील केळी, वऱ्हाडातील कापूस असे एकेक मागे पडत जाते आणि नागपूर ओलांडल्यावर खिडकीबाहेरचा रंगच बदलतो. चौकोनी चौकोनी बांध घातलेली भाताची शेते सुरू होतात. भंडारा रोड हे स्टेशन खुद्द भंडाऱ्यात नाही, ते वरठीला आहे. तिथून गाव काही अंतरावर. भंडाऱ्याचे जुने नाव भाणारा. पितळेच्या भांड्यांबद्दल या गावाची ख्याती होती. शहराबाहेर कारध्याच्या पुलावर वैनगंगा ओलांडली, की राष्ट्रीय महामार्गाने साकोली सुमारे चाळीस किलोमीटर.

या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे मिळून ही पट्टी होते. त्यांतला गोंदिया १९९९ सालापर्यंत भंडाऱ्यातच होता. झाडी इथे खरोखरच आहे, पण मला झाडीपेक्षा पाणी अधिक दिसले. गोंडराजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने या भागात असंख्य तलाव बांधले, आणि त्यांच्या जोडीला शेताशेतांतून 'बोड्या' म्हणजे लहान तळी आहेत. गावोगावच्या मोठ्या तलावांना सरकारी कागदात 'मामा तलाव' म्हणतात. हे मामा कोण, अशी मी चौकशी केली, तेव्हा 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत असे कळले. मामाचा गाव याहून अधिक पाणीदार कोठे असेल?

भाताच्या शेतीला इथे 'बांधी' म्हणतात आणि भाताला 'धान'. हलके धान दिवाळीपर्यंत कापून होते, भारी धान अजून उभे असते. या दोन कापण्यांच्या मधल्या फटीत शेतकऱ्याला चार दिवस उसंत मिळते. हाताशी थोडे धान्य आलेले, अंगावर थोडी थंडी पडू लागलेली, आणि भाऊबिजेला आलेल्या लेकी अजून माहेरीच. अशा वेळी भरते ती मंडई.

मंडई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाजीचे ढीग येतात. झाडीपट्टीतील मंडई ही गावाची जत्रा आहे. बलिप्रतिपदेला गायगोधन होते, गोवारी मंडळी आपली ढाल मिरवतात, आणि भाऊबिजेपासून एकेका गावाची मंडई सुरू होते. आज या गावाची, उद्या त्या गावाची, असे पुढे कितीतरी दिवस चालते. गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे उतरलेले असतात. पोरांसाठी फुगे आणि पिपाण्या, बायकांसाठी बांगड्या, तलावातून काढलेले शिंगाडे, ऊस, चिवडा यांची दुकाने लागतात. लग्नाची मुले-मुली एकमेकांना दाखवण्याचे कामही गर्दीत परभारे उरकते. नागपुरात वधूवर मेळाव्याला नाव नोंदवावे लागते, इथे मंडईत भजी खाल्ली तरी पुरते.

विद्यार्थ्याच्या आईने दारातच स्वागत केले. "या जी सर, लय दुरून आले," म्हणून पाय धुवायला पाणी दिले आणि लगेच लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पुढे ठेवले. लाखोळीला त्या 'लाखोरी' म्हणत. या भागाच्या बोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळ्याचा 'डोरा' होतो, पाण्याचे 'पानी' होते. ही झाडीबोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी अनेक वर्षे खपून हिचा अभ्यास केला, शब्द गोळा केले, लोककला नोंदवून ठेवल्या आणि हिच्यात लिहिणाऱ्यांची एक चळवळच उभी केली. सौभाग्यवतींच्या चकल्यांना त्या घरी फार मान मिळाला, हेही येथेच सांगून टाकतो.

झाडीपट्टीचे नाव शहरात पोचले आहे ते तिच्या नाटकांमुळे. वडसा हे त्या नाटकमंडळ्यांचे ठाणे. दिवाळीपासून सुरू होणाऱ्या हंगामात खेड्याखेड्यांतून रात्रभर नाटके होतात आणि माणसे घोंगड्या पांघरून ती पाहतात. गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या वर्तमानपत्रांनाही या रंगभूमीची दखल घ्यावी लागली. पण मला बोलावले होते ते नाटकासाठी नव्हे. "सर, नाटक तुम्ही पुण्यात पाहता. तुम्ही दंडार आणि खडी गंमत पाहा," असे माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे होते.

दंडार दिवसा झाली. गावाच्या मोकळ्या जागेत ढोल घुमू लागला आणि हातांत टिपऱ्या घेतलेले गडी नाचू लागले. ढोलाची गती वाढत गेली, पावलांची धूळ कमरेपर्यंत चढली, आणि आता याच्या पुढे काय होणार असे वाटत असतानाच ढोल एकदम थांबला. एक म्हातारा पुढे झाला, हात वर करून त्याने चार ओळी म्हटल्या. गाऊन नव्हे, बोलून म्हटल्या. शेवटच्या शब्दावर ढोल पुन्हा कोसळला. मी चमकून विद्यार्थ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे पोळ्यालाही असंच असतं."

पोळ्याचा हा प्रकार विदर्भात सगळीकडे आहे, पण पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगायला हवा. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलजोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या करतात. वाजंत्री वाजत असते. मध्येच कोणी तरी हात उंच करतो, वाजंत्री थांबते, आणि तो खणखणीत आवाजात 'झडती' म्हणतो. झडती म्हणजे यमके जुळवलेले बोलणे. त्यात बैलाचे कौतुक असते, देवाचे नाव असते, आणि सावकाराला, पुढाऱ्याला, धानाच्या भावाला काढलेले चिमटेही असतात. शेवटी महादेवाचा गजर होतो आणि वाजंत्री पुन्हा सुरू होते. ज्याला काही म्हणायचे आहे त्याने हात वर करावा आणि वाद्याने त्याला वाट द्यावी, असा हा साधा करार आहे. वर्षभर ज्याचे कोणी ऐकत नाही अशा शेतकऱ्याचे त्या दिवशी सारे गाव ऐकते, कारण त्याच्या आधी वाद्य वाजलेले असते आणि त्याच्यासाठी ते थांबलेले असते.

रात्री खडी गंमत. गंमत म्हणजे आपल्याकडच्या तमाशाची विदर्भातली भावंड. सारा खेळ उभ्याने होतो, म्हणून खडी. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि टाळ एवढी वाद्ये. स्त्रीचे सोंग पुरुषच घेतात. खांबाला बांधलेले दिवे, खाली अंथरलेल्या ताडपत्र्या, आणि तीन बाजूंनी गाव. त्या रात्री 'दुय्यम' होता, म्हणजे दोन शाहिरांचा सामना. एक कलगीवाला, एक तुरेवाला. कलगीवाल्यांनी शक्तीचा पक्ष घ्यायचा, तुरेवाल्यांनी शिवाचा. प्रकृती मोठी की पुरुष मोठा, हा वाद शतकानुशतके चालू आहे आणि मिटण्याचे चिन्ह नाही. मिटला तर गंमत बंद पडेल, म्हणून तो कोणी मिटवतही नाही.

गण झाला, गौळण झाली. ही पदे शाहिराच्या वहीतली. गुरूने शिष्याला दिलेली, बरीचशी पुस्तकी मराठीत, मधूनमधून हिंदीत. ती ऐकताना मी पुण्याच्या कोणत्याही सभागृहात बसलो असतो तरी चालले असते. पण पद संपले, कलगीचा शाहीर दोन पावले पुढे आला आणि बोलू लागला, तेव्हा खेळाची जात बदलली. या बोलण्याला वही नाही. गावाचा तलाव, परवाचा पाऊस, कोणाची हरवलेली गाय, ग्रामपंचायतीचा नळ, हे सगळे त्यात येत होते, आणि येत होते ते निव्वळ झाडीबोलीत.

मी कान देऊन ऐकत होतो तो ढोलकीकडे. ढोलकीवाला पंचविशीचा, शाहिराचाच मुलगा. बाप बोलत असताना तो वाजवणे बंद करीत नव्हता. तो वाजवणे लहान करीत होता. वाक्य संपले की शाईच्या पुडीवर एकच थाप, पूर्णविरामासारखी. विनोद झाला की दोन उडत्या थापा, म्हणजे लोकांनी आता हसावे. शाहिराने कोणाच्या मरणाची हकीकत काढली, तेव्हा डाव्या पुडीवर तळव्याची मंद घूम सुरू झाली, दूरवर आभाळ गुरगुरावे तशी, आणि तीन बाजूंचे गाव एकदम निःशब्द झाले. बोलणे संपत आले की बोटे जलद होत आणि शाहिराला अलगद उचलून पुढच्या पदात नेऊन सोडत.

आपल्याकडे आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवाने 'हूं' म्हणावे लागते. 'हूं' थांबला की गोष्ट थांबते. गोष्टीला हुंकार लागतो. गंमतीतली ढोलकी हा तो हुंकार आहे. शेकडो माणसांच्या वतीने एक वाद्य 'हूं' म्हणत असते.

मधल्या विसाव्यात शाहिरांना भेटलो. वय पासष्टीचे, डोक्याला फेटा, गळ्याभोवती मफलर, आवाज सर्दीने बसलेला. मी माझा हुंकाराचा सिद्धान्त त्यांना सांगितला. प्राध्यापकाचा सिद्धान्त ऐकून घ्यावा एवढी सभ्यता त्यांच्यापाशी होती. मग ते म्हणाले, "ढोलकी हाये म्हनून बोलता येते जी. रिकाम्या रातीत मानूस बोलन तं लोकं वेडा म्हनतीन." माझ्या सिद्धान्तापेक्षा हे छोटे आणि चांगले होते.

याच विषयावर सातासमुद्रांपलीकडे केवढा तंटा झाला होता, ते मला तेथे आठवले. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे 'ड्रम कोअर' नावाची पथके असतात. नगारे, पितळी तुताऱ्या आणि निशाणे घेतलेली तरुण मुलेमुली मोठ्या मैदानावर कवायत करीत वाजवतात. १९७२ पासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि हजारो लोक त्या पाहायला जातात. २००४ च्या हंगामापासून या मैदानावर ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली, आणि मग वादनाच्या जोडीने बोललेले निवेदनही येऊ लागले. 'द कॅडेट्स' या नामांकित पथकाने २००७ साली आपल्या खेळात इतके निवेदन घातले की रसिकांत दोन तट पडले. भाच्याच्या ओळखीचे लोक अजूनही त्यावरून हमरीतुमरीवर येतात. एक पक्ष म्हणतो, आम्ही वाद्य ऐकायला आलो होतो, व्याख्यान ऐकायला नाही. दुसरा म्हणतो, खेळात काय चालले आहे हे कळायला नको का?

दोन्ही पक्षांना भंडाऱ्याची मंडई दाखवावी असे वाटते. तिथे शब्द वादनाच्या डोक्यावर ध्वनिवर्धकातून येऊन बसला. इथे शब्द आणि थाप एकाच घरातली आहेत, पुष्कळदा अक्षरशः बापलेक आहेत. तिथले निवेदन आधी लिहून, घोटून, सर्व मैदानांवर तेच. इथले बोलणे त्या गावचे, त्या रात्रीचे. दुसऱ्या रात्री ते दुसरे होते. ऐकणाऱ्याला ते उपरे वाटत नाही, कारण त्यात तो स्वतःच असतो.

पण इथेही सारे आलबेल नाही. शाहिरांशी बोलत असतानाच मंडईच्या आयोजकांपैकी एक तरुण आला आणि अदबीने म्हणाला, "काका, बोलनं जरा कमी करा. पोरं गान्याची वाट पाहून राह्यले." गावाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीएवढ्या कर्ण्यांची रास लागली होती आणि तिथून मधूनमधून सिनेमातल्या गाण्याचा एकेक तुकडा चाचणीसाठी सुटत होता. शाहीर "हो बापा" म्हणाले. खेळ आखूड करायचा तर आधी बोलणे जाते. पदे राहतात, कारण ती वहीत आहेत. नाच राहतो, कारण तो सर्वांना हवा असतो. बोलणे कोणाच्याच वहीत नाही, त्यामुळे ते गेले तर काय गेले हे दाखवायलाही काही उरत नाही.

ढोलकीवाल्या मुलाशी बोललो तेव्हा ही गोष्ट अधिक लागली. तो बी. ए. झालेला, नागपूरकडच्या एका कारखान्यात नोकरीला, मंडईपुरती रजा काढून आलेला. माझ्याशी तो एकेक शब्द तोलून, पुस्तकी मराठीत बोलत होता. मी विचारले, "वडिलांनंतर बोलणार कोण?" तो म्हणाला, "सर, मी वाजवीन. बोलणार नाही. माझी भाषा अशुद्ध आहे." हे त्याला कोणी सांगितले, असे विचारल्यावर कळले की शहरातल्या एका महाविद्यालयात वर्गापुढे उभे राहून उतारा वाचताना त्याने पाण्याचे 'पानी' केले आणि सारा वर्ग हसला. शिक्षकही हसले. त्यानंतर तीन वर्षे तो वर्गात बोलला नाही.

मी मराठीचा अध्यापक. अशुद्ध म्हणजे काय, हे सांगण्याचा पगार मला मिळतो. म्हणून त्याला एवढेच सांगितले की, मराठीचा आद्यग्रंथ म्हणून ज्याचे नाव आपण घेतो तो मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० मधला, आणि तो अंबाजोगाईस लिहिला गेला असे जसे एक पक्ष म्हणतो, तसा तो तुमच्या वैनगंगेच्या काठी अंभोऱ्याला लिहिला गेला असे म्हणणाराही पक्ष आहे. चक्रधरस्वामींच्या 'लीळाचरित्रा'त भांडारेकार म्हणून एक भक्त येतात, त्यांचे आडनाव तुमच्या गावावरून पडले आहे. मराठी पहिली पावले टाकीत होती तेव्हा हा मुलूख तिच्या अंगणात होता. पाण्याला 'पानी' म्हटल्याने ते गढूळ होत नाही. मुलगा हसला. पटले की नाही, ते कळले नाही. तेवढ्यात टाळ वाजले आणि तो ढोलकी कमरेला बांधू लागला.

उत्तररात्री दुय्यम रंगला. तुरेवाल्या शाहिराने सवाल टाकला. भाषा सगळी शेतातली. बांधी कितीही सुपीक असली तरी बीज टाकल्यावाचून तीत गवतच उगवणार, तेव्हा बीज मोठे की बांधी मोठी? बीज म्हणजे पुरुष, बांधी म्हणजे प्रकृती, हे तिथल्या लहान पोरालाही कळत होते. समोरच्या बायकांमध्ये चुळबुळ झाली. आता कलगीवाल्याने जबाब द्यायचा. शाहीर पुढे आले, त्यांनी तोंड उघडले, आणि घशातून नुसती घरघर निघाली. थंडीने आणि रात्रभराच्या बोलण्याने आवाज पार गेला होता. त्यांनी पाणी घेतले, पुन्हा प्रयत्न केला. ढोलकी डाव्या पुडीवर घुमत राहिली. ती थांबली असती तर हार झाली असती. शाहिरांनी मुलाकडे पाहिले. मुलगा खाली पाहून वाजवीत राहिला. मिनिट गेले, दोन मिनिटे गेली. हुंकार चालू होता आणि गोष्ट बंद होती.

मग मान वर न करताच मुलगा बोलला. "बीज मोठं हाये, खरं हाये," तो म्हणाला. एक थाप. "मंग ठेवा ना त्याले कनगीत." एक थाप. "मोठं हाये म्हनून वरीसभर कनगीतच ठेवा. उंदराले बी समजू द्या, केवढं मोठं हाये ते." दोन उडत्या थापा. "अजी, बांधीनं जागा देली, तवा बीजाचा धान झाला. नाही तं उंदराचा जेवन झाला असता."

बायकांच्या बाजूने जो हशा उठला तो पुरुषांच्या बाजूला पोचायला क्षणभर लागला, पण पोचला. तुरेवाले शाहीरही मनापासून हसले आणि त्यांनी आपल्या डफावर थाप देऊन दाद दिली. मुलाचे कान लाल झाले होते. आपण बोललो हे झाकण्यासाठीच जणू तो इतक्या जलद वाजवू लागला की टाळकऱ्यांना त्याला गाठताना पुरेवाट झाली. शाहीर मफलरीत तोंड लपवून उभे होते. ते खोकत होते की आणखी काही, ते दिव्यांच्या उजेडात नीट दिसत नव्हते.

त्या रात्रीत तो पुन्हा दोनदा बोलला, दोन्ही वेळा थोडेच. सकाळी आठच्या एस. टी.ने तो नागपूरला गेला, कारण रजा संपली होती. पुढच्या वर्षी तो बोलेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. कारखान्याची रजा, आयोजकांची घाई आणि कर्ण्यांची भिंत या तिन्ही गोष्टी त्याच्या वाटेत आहेत. पण बोलता येत नाही म्हणून तो गप्प राहील, असे आता गावात कोणी म्हणणार नाही. स्वतः तोही म्हणणार नाही.

डॉ. बोरकरांसारख्यांनी शब्द कोशात ठेवले, ते फार मोठे काम झाले. कोशात शब्द सुरक्षित राहतो. पण शब्दाला कोणाला तरी उद्देशून उच्चारले जाण्याची आस असते, आणि ती सोय कोशात नाही. ती आखूड होत चाललेल्या त्या बोलण्यात आहे, ज्याच्या मागे एक ढोलकी 'हूं' म्हणत उभी असते. सरकारी योजनांच्या प्रचारासाठी शाहिरांना बोलावले जाते, त्यांना चार पैसे मिळतात, हे चांगलेच आहे. पण तिथे बोलायचे काय हे वरून लिहून येते. तलाव, नळ आणि हरवलेली गाय त्यात बसत नाही.

वाचकांपैकी कोणाला भाऊबिजेनंतर चार दिवस मोकळे असतील तर त्यांनी भंडाऱ्याकडे जावे. नागपूरहून भंडारा साठ किलोमीटरच्या आतबाहेर आहे, वाहने भरपूर आहेत, आणि वाटेत कोणालाही विचारले तरी आज मंडई कोणत्या गावची, हे तो सांगेल. बरोबर गरम कपडे घ्यावेत, कारण भाताच्या शेतांतून पहाटेचा गारवा वर येतो. मुलांना जरूर न्यावे. गाणी आणि नाच त्यांना आवडतीलच. पण शाहीर पुढे येऊन बोलू लागला की उठू नये, चहाला तर मुळीच जाऊ नये. बोलणे समजले नाही तर शेजारच्या माणसाला विचारावे. तो हौसेने सांगतो. आणि तो सांगत असताना आपण मधूनमधून 'हूं' म्हणावे.